वाहते रक्त आणि पहिले तीन तास

गवत कापताना विळा बोटाला लागतो. रक्त येते. आपण बोट दाबून धरतो, एखादी चिंधी गुंडाळतो, आणि घटकाभराने पाहावे तो रक्त थांबलेले असते. याचे आपल्याला काही नवल वाटत नाही. पण पाण्याच्या टाकीला चीर पडली तर ती आपली आपण बुजते काय? नळाची तोटी बिघडली तर ती रात्रीतून दुरुस्त होते काय? मग रक्तालाच ही विद्या कुठून आली?

आणि दुसरा प्रश्न याहून मोठा आहे. बोटाचे रक्त थांबते. पण ट्रॅक्टर उलटून त्याखाली सापडलेल्या माणसाचे थांबत नाही. बाळंतपणात एखाद्या बाईचे थांबत नाही. सकाळी हसतखेळत असलेली लेक संध्याकाळी जाते, आणि मागे लोक म्हणतात, "तिचं आयुष्यच तेवढं होतं." तसे ते नसते. तिचे रक्त का थांबले नाही याचा शोध माणसांनी लावला आहे, आणि त्यावर एक औषधही काढले आहे. त्या औषधाची आणि त्याच्या परीक्षेची हकिगत आम्ही इथे सांगणार आहोत. पाठ थोडा लांब आहे. दोन बैठकींत वाचला तरी चालेल.

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. दुधाची एक मध्यम किटली भरेल एवढेच. ते हृदयातून निघते, नळ्यांतून अंगभर फिरते आणि परत हृदयात येते. यातली एखादी नळी फुटली तर काय होते ते समजायला शेतावर चला. पाटाचा बांध फुटला तर तुम्ही काय करता? पहिल्याने वरून पाणी कमी करता. मग हाताशी असतील ते धोंडे, ढेकळे खिंडारात टाकता. पण नुसत्या धोंड्यांनी पाणी अडत नाही, फटींतून वाहतच राहते. म्हणून त्यावर पेंढा, काट्याकुट्या घालून चिखल लिंपता. तेव्हा कुठे पाणी अडते.

रक्त हुबेहूब हेच करते. फुटलेली नळी आधी स्वतःला आवळून घेते. पाणी कमी झाले. मग रक्तातले बारीक कण धावून येतात आणि एकमेकांना चिकटून भोकात बसतात. या कणांना प्लेटलेट म्हणतात. डेंगूच्या तापात डॉक्टर "प्लेटलेट कमी झाल्या" म्हणतात, ते हेच कण. ते इतके बारीक असतात की रक्ताच्या एका थेंबात लाखांनी मावतात. हे झाले आपले धोंडे. आता पेंढा हवा. रक्तात एक पदार्थ साखरेसारखा विरघळलेला असतो. एरवी तो दिसत नाही. जखम झाली की त्याचे लांब लांब धागे बनतात, धाग्यांचे जाळे होते, आणि जाळ्यात रक्ताचे तांबडे कण अडकून घट्ट गुठळी होते. त्या धाग्यांना फायब्रिन म्हणतात. दुधाला विरजण लागले की पातळ दूध घट्ट होते ना, तसे काहीसे. फरक एवढाच की दह्याला रात्र लागते आणि रक्ताला काही मिनिटे पुरतात.

घोणस चावलेला माणूस तुमच्यापैकी कुणी पाहिला असेल. त्याच्या हिरड्यांतून रक्त येते, लघवीतून येते. याचे कारण, त्या विषाने गुठळीचे सारे सामानच संपून जाते. म्हणून डॉक्टर त्याचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेतात, २० मिनिटे हलवीत नाहीत, आणि मग नळी कलती करतात. रक्त गोठले नसेल, पाण्यासारखे वाहिले, तर विष रक्तात भिनले आहे. त्यावर सापाच्या विषाची लस हाच इलाज. आम्ही पुढे सांगतो ते औषध घोणशीवरचे नव्हे, हे ध्यानात ठेवा.

तर गुठळी झाली. काम संपले काय? नाही. जखम भरून आल्यावर ती गुठळी काढून टाकायला हवी. नाही तर पाटात टाकलेले धोंडे पाटातच राहतील आणि खालचे शेत वाळेल. मेंदूच्या नळीत अशी गुठळी अडकली तर माणसाला पक्षाघात होतो; हृदयाच्या नळीत अडकली तर हृदयाचा झटका येतो. म्हणून निसर्गाने रक्तात जसा बांध घालणारा ठेवला आहे, तसाच बांध खणून काढणारासुद्धा ठेवला आहे. तो फायब्रिनचे धागे एकेक करून तोडतो. त्याचे नाव प्लाझ्मिन. आपण त्याला खणकर म्हणू.

एरवी हे दोघे भाऊ समजुतीने वागतात. एकाचे काम झाले की दुसरा येतो. पण अंगाला फार मोठा मार लागला, किंवा बाळंतपणात एकदम पुष्कळ रक्त गेले, तर कित्येकदा हा खणकर वेळेआधीच कामाला लागतो. इकडे बांध घालणे चालले आहे, चिखल अजून ओला आहे, आणि तिकडे हा कुदळ चालवतो आहे! मग बांध टिकणार कसा? रक्त का थांबत नाही याचे एक मोठे कारण हे.

आता या खणकराला थोडा वेळ थोपवता येईल का? हा प्रश्न ज्यांनी धरला ती माणसे जपानातली. नवराबायको दोघेही डॉक्टर. शोसुके ओकामोटो आणि उटाको ओकामोटो. उटाकोबाईंचा जन्म १९१८ सालचा. १९४५ साली दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जपान हरलेला होता. टोकियो शहर बाँबने जळून गेले होते. त्या शहरातल्या केओ विद्यापीठात हे दोघे काम करू लागले. जवळ पैसा नाही, सामान नाही. त्यांनी विचार केला की असा विषय घ्यावा ज्याला खर्च कमी आणि ज्याचा उपयोग साऱ्या जगाला. त्यांनी रक्त निवडले. रक्ताला पैसे पडत नाहीत, आणि कमी पडले तर ते स्वतःच्या दंडातून काढता येते! तसे ते काढीतही.

बाईंना लहान मूल होते. पोर सांभाळायला जागा नव्हती. तेव्हा पोरीला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत उभ्या राहत. आपल्याकडे पोर पाठीशी टाकून बाया भातलावणी करतात, तशाच. आणि एका सभेत त्या आपले संशोधन सांगायला उभ्या राहिल्या, तेव्हा समोर बसलेल्या पुरुष डॉक्टरांनी विचारले की बाई आता आम्हाला नाचून दाखवणार काय? शिकलेली माणसे अशी वागतात तेव्हा शाळा कुठे कमी पडली असा प्रश्न आम्हाला पडतो. बाई मात्र नेटाने काम करीत राहिल्या.

त्यांचा शोध काय तो नीट समजून घ्या. खणकर धागा तोडतो तो आधी हाताने धरून. धाग्यावर धरायला जणू बारीक बारीक मुठी असतात. त्या मुठी लायसिन नावाच्या पदार्थाच्या असतात. हा काही परका पदार्थ नव्हे. आपण खातो त्या डाळीत, दुधातही तो असतो. ओकामोटो दांपत्याने असे योजले की लायसिनसारखाच दिसणारा एखादा पदार्थ रक्तात सोडावा. खणकर त्यालाच मूठ समजून धरील. हात भरलेले असले की खरा धागा त्याला धरताच येणार नाही, आणि बांध शाबूत राहील. त्यांना आधी एक औषध सापडले. ते चांगले होते, पण फार मोठ्या प्रमाणात द्यावे लागे. त्यांनी शोध सोडला नाही. पुढे दुसरे सापडले, ते पहिल्याच्या २७ पट जोरदार निघाले. १९६२ साली त्यांनी ते जगापुढे मांडले.

त्याचे नाव ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड. नाव जड आहे. अक्षर अक्षर लावून वाचा: ट्रॅ-नेक्-झॅ-मिक. अॅसिड म्हटले म्हणून दचकू नका. चिंचेतही अॅसिड असते, लिंबातही असते.

उटाकोबाईंची मोठी इच्छा अशी, की बाळंतपणात बायका रक्त जाऊन मरतात त्यांना हे देऊन पाहावे. पुढे त्या कोबे शहरात राहायला गेल्या. तिथल्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना त्यांनी विचारले. कुणी तयार झाले नाही. औषध दात काढताना वापरू लागले, शस्त्रक्रियेत वापरू लागले, पाळीत फार रक्त जाते अशा बायकांना त्याच्या गोळ्या देऊ लागले. पण अपघाताने मरणाऱ्या माणसाला आणि बाळंतिणीला ते वाचवते का, याची मोठी परीक्षा कुणी केली नाही. अशी चाळीसहून जास्त वर्षे गेली.

मग ती परीक्षा लंडनच्या एका वैद्यकीय संस्थेने मनावर घेतली. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन असे तिचे नाव. त्या परीक्षेचे निकाल सांगण्याआधी औषधाची परीक्षा करतात कशी, हे सांगायला हवे. कारण वर्गात आम्ही ही गोष्ट सांगतो तेव्हा लोक इथेच अडतात.

समजा, तुम्हाला नवे बियाणे पारखायचे आहे. ते तुम्ही विहिरीजवळच्या काळ्या रानात पेरले, आणि जुने बियाणे माळावर पेरले. नवे जोरात आले. मग बियाणे चांगले म्हणायचे की रान चांगले म्हणायचे? काहीच ठरत नाही. म्हणून रानाचे पुष्कळ वाफे पाडायचे, आणि कुठल्या वाफ्यात नवे आणि कुठल्यात जुने हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. मग चांगले रान दोघांनाही सारखेच वाट्याला येते. ही युक्ती निघालीच मुळी शेतीत. इंग्लंडात रोथॅमस्टेड नावाचे शेतीसंशोधनाचे ठिकाण आहे. तिथे १९२० च्या सुमारास काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर या गणितज्ञाने ती पक्की बसवली. डॉक्टरांनी ती नंतर उचलली. म्हणजे यात शेतकऱ्याचा मान पहिला.

माणसांच्या बाबतीत असेच करतात. जखमी माणूस आला की जणू चिठ्ठी निघते. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना तसेच दिसणारे मिठाचे पाणी. सलाइन म्हणतात ना, तेच. बाटली सारखी, रंग सारखा. कुणाला काय दिले हे रोग्याला ठाऊक नसते आणि देणाऱ्या डॉक्टरालाही ठाऊक नसते. बाटलीवर नुसता नंबर असतो. डॉक्टरापासूनही का लपवायचे? कारण माणसाचे मन मोठे लबाड असते. ज्याला औषध दिले तो सुधारतोच आहे असे डॉक्टरालाही वाटू लागते, आणि त्याच्याकडे तो दोनदा जास्त फिरकतो.

यावर वर्गातले एक गृहस्थ उठून म्हणाले, "गुरुजी, हे काय बरं नव्हं. माणूस मरायला टेकलाय आणि त्याला मिठाचं पाणी? त्यापरीस सगळ्यांनाच औषध द्या की!"

प्रश्न रास्त आहे, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर असे. पहिली गोष्ट, ज्याला मिठाचे पाणी मिळाले त्याचा बाकीचा इलाज चुकत नाही. रक्त चढवणे, टाके, शस्त्रक्रिया, सगळे दोघांनाही सारखे होते. दुसरी गोष्ट, माणूस शुद्धीवर असेल तर त्याला विचारतात, नसेल तर नातेवाइकांना. ते जवळ नसतील तेव्हा काय करायचे याचे नियम आधी समिती बसवून ठरवलेले असतात. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. औषध तारते की मारते हे त्या घडीला खरोखरच कुणाला माहीत नसते. गुठळी टिकवणारे औषध नको तिथे गुठळी करून पक्षाघात आणणार नाही कशावरून? सगळ्यांना दिले असते आणि ते मारक निघाले असते, तर ते कळलेही नसते. सगळे म्हणाले असते, अपघातच मोठा होता. म्हणून एक वेगळी समिती मधून मधून आकडे पाहत असते. एका बाजूला मरणे स्पष्ट वाढताना दिसली, तर परीक्षा तिथेच थांबवायची. आमच्या मते हा सौदा प्रामाणिक आहे. त्या गृहस्थांना तो पुरता पटला असे नाही, पण ते खाली बसले.

परीक्षेला माणसेही पुष्कळ लागतात. दहावीस माणसांवरून काही ठरत नाही. नाणे चारदा उडवले तर चारही वेळा छापा पडू शकतो. हजारदा उडवा, म्हणजे खरे काय ते दिसते. लंडनच्या संस्थेने ४० देशांतल्या २७४ इस्पितळांतून २०,२११ जखमी माणसे या परीक्षेत घेतली. आपल्या देशातली इस्पितळेही त्यांत होती. मार लागल्यापासून आठ तासांच्या आत आलेली माणसे निवडली. निकाल २०१० साली प्रसिद्ध झाला. मिठाचे पाणी मिळालेल्या हजार माणसांत १६० दगावली. औषध मिळालेल्या हजारांत १४५. हजारी १५ माणसे वाचली. आणि नको तिथे गुठळ्या होण्याचे प्रमाण वाढले नाही.

तुम्ही म्हणाल, पंधराच? पण पुढच्या साली त्यांनी तेच आकडे तासावार मांडले, तेव्हा खरी गोष्ट दिसली. मार लागल्यावर पहिल्या तासात ज्यांना औषध मिळाले, त्यांच्या हजारात रक्त जाऊन मेले ५३. त्याच तासात मिठाचे पाणी मिळालेल्या हजारात मेले ७७. दुसऱ्यातिसऱ्या तासात औषधवाले ४८, पाणीवाले ६१. आणि तीन तास उलटून गेल्यावर? औषधवाले ४४, पाणीवाले ३१.

हे आकडे पुन्हा वाचा. घाई करू नका. तीन तासांनंतर औषध मिळालेले जास्त मेले! जे औषध पहिल्या तासात तारते, तेच चौथ्या तासात घात करू शकते. (पाणीवाल्यांचा आकडा उशिरा आल्यावर ७७ वरून ३१ वर कसा उतरला, असे कुणी हुशार वाचक विचारील. जे फार जखमी होते ते इस्पितळ गाठण्याआधीच गेले. जे तीन तास तग धरून आले ते मुळात चिवट होते. म्हणून पाणीवाल्यांची तुलना पाणीवाल्यांशी करायची नाही. त्याच तासातल्या औषधवाल्यांशी करायची.) पुढे ४० हजारांवर रोग्यांचा हिशेब एकत्र केला, तेव्हा असे दिसले की दर १५ मिनिटे उशीर झाला की औषधाचा गुण सुमारे दहाव्या हिश्श्याने उतरतो, आणि तीन तासांनंतर काही उरत नाही.

आता बाळंतपणाकडे येऊ. ही बाब अपघाताहून थोडी निराळी आहे. बाळ झाले, वार पडली, की पिशवीच्या आत जिथे वार चिकटलेली होती तिथल्या रक्ताच्या नळ्या उघड्या पडतात. देवाची करणी अशी की पिशवी लगेच मुठीसारखी आवळते आणि त्या नळ्या चिमटीत धरते. पिशवी ढिली राहिली की रक्त धो धो जाते. म्हणून पहिला इलाज पिशवी आवळणाऱ्या औषधाचा. त्या इलाजाची एक नामी परीक्षा आपल्या शेजारीच झाली. बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत, २००२ ते २००५ या सालांत, १,६२० बाळंतिणींवर ती केली. घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या नर्सबाईंनीच मिसोप्रोस्टॉल नावाच्या गोळ्या तोंडाने दिल्या. बिनऔषधी गोळ्या मिळालेल्यांत हजारी १२० जणींचे रक्त जास्त गेले. औषध मिळालेल्यांत ६४ जणींचे. फारच भयंकर रक्त गेलेल्या हजारी १२ वरून दोनवर आल्या.

त्या परीक्षेतली एक साधी वस्तू आम्हाला औषधापेक्षाही मोलाची वाटते. बाळंतिणीखाली नर्सबाई प्लास्टिकचा एक कागद अंथरीत. त्याला खाली पिशवी, आणि पिशवीवर मापाच्या रेघा. अर्ध्या लिटरची रेघ ओलांडली की रक्त जास्त गेले. एरवी आपण काय करतो? लुगड्यावर, गोधडीवर सांडलेले रक्त डोळ्यांनी अंदाजतो. म्हातारी म्हणते, "एवढं जातंच." आणि नजरेचा अंदाज नेहमी कमीच पडतो. पुढे २०२३ साली आफ्रिकेतल्या केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० इस्पितळांत पाहिले. जिथे मापाची पिशवी वापरली आणि रेघ ओलांडताच सगळे इलाज एकदमच सुरू केले, तिथे फार रक्त जाणाऱ्या व त्यापायी जिवावर बेतणाऱ्या बायका हजारी ४३ वरून १६ वर आल्या. त्या इलाजांत आपले ट्रॅनेक्झॅमिकही होते.

तर पिशवी आवळणारे औषध देऊनही काहींचे रक्त थांबत नाही. त्यांच्यासाठी उटाकोबाईंचे औषध चालते का, ही परीक्षा लंडनच्या संस्थेने २०१० साली सुरू केली. २१ देश, १९३ इस्पितळे, २०,०६० बायका. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत रक्त जाऊन मेल्या हजारी १२. मिठाचे पाणी मिळालेल्यांत १७. जगात दरसाल हजारो बायका बाळंतपणानंतर रक्त जाऊन मरतात. त्यापुढे हा फरक मांडून पाहा, मग तो लहान वाटणार नाही. निकाल २०१७ च्या एप्रिलात बाहेर आला, आणि त्याच साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की बाळंतिणीचे रक्त जास्त जाऊ लागले की तीन तासांच्या आत हे औषध शिरेतून द्यावे. उटाकोबाई आदल्या वर्षी, २०१६ च्या एप्रिलात वारल्या. वय ९८. अपघाताच्या परीक्षेचा निकाल त्यांनी पाहिला होता. बाळंतिणींचा पाहायला त्या राहिल्या नाहीत.

हे औषध सगळीकडे चालते असे मात्र समजू नका. पोटात आतून रक्तस्राव होतो, रक्ताची उलटी होते, अशा १२ हजार रोग्यांवर ते पाहिले. २०२० साली निकाल आला: उपयोग नाही, उलट शिरांत गुठळ्या होण्याचे प्रमाण थोडे वाढले. रक्त कमी असलेल्या १५ हजार गरोदर बायकांना बाळंत होताच, रक्त जाण्याची वाट न पाहता, आधीच औषध देऊन पाहिले. २०२३ सालचा निकाल: रक्त जाण्याचे प्रमाण कमी झाले नाही. ज्या लोकांनी औषधाचे यश जाहीर केले, त्यांनीच त्याचे अपयशही तितक्याच उघडपणे छापले. जडीबुटीवाला असे कधी करतो काय?

म्हणून दुकानातून गोळ्या आणून आपल्या मनाने घेऊ नका. गोळी पोटात जाऊन रक्तात उतरायला वेळ लागतो, आणि वेळच तर नसतो. वर सांगितलेल्या परीक्षांत जीव वाचले ते शिरेतून दिलेल्या औषधाने. ज्याला पूर्वी पक्षाघात झाला आहे किंवा पायाच्या शिरेत गुठळी झाली आहे, त्याने डॉक्टरला ते आधी सांगितले पाहिजे.

डॉक्टर भेटेपर्यंत हाताने करायचे ते करावे. वाहत्या जखमेवर स्वच्छ फडके ठेवून तळहाताने घट्ट दाबावे. थांबले का हे पाहायला सारखे उचलू नये. उचलले की नवी गुठळी फडक्याबरोबर निघते, म्हणजे खणकराचे काम आपणच केले! फडके भिजले तर त्यावर दुसरे ठेवून आणखी जोर द्यावा. तंबाखू, चहाची पूड, चुना, शेण, माती यांतले काही भरू नये. शेणामातीतून धनुर्वात होतो. हळदीने खोल जखमेचे रक्त थांबते या भरवशावर बसू नये. आणि एक माणूस दाबून बसला की दुसऱ्याने १०८ नंबर लावावा.

आणखी एक काम आहे, ते तुम्ही पूर्वी करू शकला नसता, आता करू शकता. रक्त केव्हा सुरू झाले ती वेळ कागदावर लिहा. "दुपारी २ वाजून १० मिनिटे" एवढेच. बाळंतीण असेल तर बाळ किती वाजता झाले आणि रक्त किती वाजता वाढले, हेही लिहा. ती चिठ्ठी रोग्याबरोबर द्या. इस्पितळात गेल्यावर "कधीपासून?" असे विचारले की दहा जण दहा वेळा सांगतात. "सकाळच्यापासून", "मघाशीच", "जेवणं झाली तेव्हा". डॉक्टरला तर एकच हिशेब करायचा असतो: तीन तास व्हायला किती मिनिटे राहिली?

खेड्यापाड्यांत या हिशेबात अडचण येते ती शिरेची. रक्त गेलेल्या माणसाच्या शिरा बसतात. सुई घालायला हात सरावलेला लागतो, आणि तसा हात रात्री दोन वाजता वाडीवर नसतो. म्हणून आता संशोधक असे पाहत आहेत की हेच औषध दंडात किंवा मांडीत, साध्या इंजेक्शनासारखे देता येईल का. शंका अशी होती की रक्त गेलेल्या माणसाच्या मांसात औषध तसेच पडून राहील, रक्तात उतरणार नाही. लंडनच्या दोन इस्पितळांत ३० जखमी माणसांवर ते तपासले, आणि २०२१ साली निकाल छापला. औषध सुमारे चार मिनिटांत रक्तात कामापुरते उतरू लागले, आणि अकरा मिनिटांत त्याच्या दुप्पट झाले. तीस माणसे म्हणजे थोडीच. चार वेळा उडवलेल्या नाण्याची गोष्ट वर आलीच आहे. म्हणून बाळंतिणींना अशी सुई देऊन पाहण्याची मोठी परीक्षा, हजारो बायकांची, चिठ्ठ्या टाकून, मिठाचे पाणी बाजूला ठेवून, त्यांनी हाती घेतली.